ज्याची त्याची मर्जी

“चार हात,” साहेबराव सर म्हणाले, आणि फळ्यापासून पहिल्या बाकापर्यंत चालून दाखवलं. “एवढ्या अंतराच्या आत कोणी त्याच्याजवळ जायचं नाही. त्याच्याशी बोलायचं नाही, एका छपराखाली राहायचं नाही, त्यानं लिहिलेलं वाचायचं नाही. प्रार्थनामंदिरात, सगळ्या समाजासमोर हा हुकूम मोठ्यानं वाचला गेला. आणि त्याचं वय काय? तुमच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा.”

परतूरच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा तत्त्वज्ञानाचा तास चालू होता. वर्गात दहा-बारा मुलं. विषय सतराव्या शतकातल्या ॲम्स्टरडॅमचा, तिथल्या ज्यू समाजानं वाळीत टाकलेल्या एका तत्त्वज्ञाचा. पुढे हा माणूस दुर्बिणीची भिंगं घासून पोट भरायचा. त्याचं नाव मुलांच्या जिभेवर बसेना, म्हणून मुलं त्याला भिंगवाला म्हणत आणि सरही तसंच म्हणू लागले होते.

“आता त्यांनी असं का केलं ते बघा. हे लोक पोर्तुगालमधून जीव वाचवून आलेले. नव्या शहरानं राहू दिलं होतं, धंदा करू दिला होता, पण एक अट होती, गडबड नको. आणि आपल्यातलाच एक पोरगा देवाधर्माबद्दल भलतंच बोलायला लागला. उद्या शहर म्हणेल, हे लोकच असले. म्हणून त्यांनी त्याला तोडलं. ते दुष्ट नव्हते, घाबरलेले होते. इतिहासात दुष्ट माणसं कमी असतात बाळांनो, घाबरलेली फार.”

हे वाक्य सर दरवर्षी म्हणत. म्हणून झाल्यावर क्षणभर थांबायचं, मुलांच्या चेहऱ्याकडे पाहायचं, अशी त्यांची सवय होती. या वर्षी ते थांबले नाहीत. आपण कोणाची तरी बाजू मांडतो आहोत, असं त्यांचं त्यांनाच वाटलं.

दुसऱ्या बाकावरची कल्याणी उभी राहिली. ती सरांच्या चुलतभावाची, कचरूची धाकटी मुलगी.

“सर, तो हुकूम लिहिला कोणी?”

“म्हणजे?”

“वाचून दाखवणारा एक असेल. पण शब्द कोणाचे होते?”

सरांनी हातातला खडू टेबलावर ठेवला. “शब्द जुनेच होते. असे हुकूम आधीही निघाले होते, त्यांचा एक साचा होता.”

“पण तो साचा कोणी बसवला असेल?”

“असेल कोणीतरी. शिकलेला माणूस.”

कल्याणी खाली बसली. तास संपायला अजून वेळ होता, पण सरांनी पुस्तक मिटलं आणि हजेरी घ्यायला सुरुवात केली.

*

साहेबराव मूळचे आष्टीच्या पलीकडच्या एका लहान गावचे. लहानपणी ते आणि कचरू आष्टीच्या शाळेत पायी जात. दोघांच्या भाकरी एकाच फडक्यात बांधलेल्या असत आणि त्या कचरूच्या आईनं, दुर्गाबाईनं बांधलेल्या असत. साहेबरावांची आई सतत आजारी. कचरू दहावीनंतर शेतीत गेला. साहेबराव औरंगाबादला गेले. तिथं इतिहासाच्या जागा भरल्या होत्या म्हणून तत्त्वज्ञान घेतलं आणि मग त्यातच रमले.

परतूरला शिकवायला लागल्यावर त्यांनी आपली एक पद्धत बसवली. विचार आभाळातून पडत नाही, असं ते पहिल्याच तासाला सांगत. तो कोणत्या गावात उगवला, कोणाच्या भाकरीवर जगला, कोणाला भ्यायला, ते पाहा. अथेन्सचा चौक म्हणजे आपला मोंढा समजा. तिथं न्याय म्हणजे काय यावर पुरुषांची चर्चा रंगली होती, तेव्हा त्यांच्या घरी दळण कोण दळत होतं, ते विचारा. आडगावांतून एस.टी.नं येणाऱ्या पोरापोरींना हे कळे. सरांना त्याचा अभिमान होता.

भावकीलाही त्यांचा अभिमान होता. वाटणी असो, प्रवेश असो, सोयरीक असो, “आमच्या साहेबरावला इचारा,” असं म्हटलं जाई.

कचरूची थोरली मुलगी अर्पिता जालन्याला एका दवाखान्यात लॅबमध्ये काम करत होती. गेल्या हिवाळ्यात तिनं ऋषी नावाच्या मुलाशी नोंदणी करून लग्न केलं. मुलगा बियाणांच्या कंपनीत नोकरीला, सरळमार्गी, पण जात वेगळी. कचरू आठ दिवस घराबाहेर पडला नाही. मग एके सकाळी तो उठला, जालन्याला गेला आणि दोघांना गाडीत घालून घरी घेऊन आला. जावयाला टॉवेल-टोपी केली, पोळ्या करून घातल्या, आणि भर दुपारी वेशीपर्यंत पोचवायला गेला.

भावकीला लागलं ते हे.

रामराव भावकीतले थोरले. त्यांच्या आखाड्यावर, शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, सगळे जमले. साहेबरावांना परतूरहून मुद्दाम बोलावणं गेलं.

“पोरगी गेली ते गेली,” रामराव म्हणाले. “आजकाल कोणाची जाईल सांगता येत न्हाई. पण ह्यानं जावई म्हणून उंबऱ्याच्या आत घेतला. उद्या आपल्या पोरीबाळींनी काय समजायचं?”

“बंद करा त्याचं,” कोणीतरी म्हणालं. “जाणं बंद, येणं बंद.”

“तसं ठरवता येत न्हाई बाबा. वकील म्हणून राह्यला, बहिष्कार घातला की गुन्हा लागतो. नवा कायदा हाय. आत टाकतेत.” रामराव साहेबरावांकडं वळले. “तू शिकलेला. तू सांग कसं करायचं.”

साहेबरावांच्या मनात त्या वेळी बऱ्याच गोष्टी होत्या. त्यांची मुलगी गंधाली पुण्यात नोकरी करत होती आणि तिच्यासाठी रामरावांच्या सासुरवाडीकडूनच एक चांगलं स्थळ आलं होतं. बोलणी अर्ध्यावर होती. गंधालीनंही मुलाला होकार दिला होता. शिवाय शेडमध्ये बसलेले सगळे त्यांच्याकडं पाहत होते, आणि आपल्याकडं पाहिलं जातंय याची त्यांना लहानपणापासून गोडी होती. नंतर त्यांनी पुष्कळदा आठवून पाहिलं. त्या क्षणी त्यांना कचरूचा राग आलेला नव्हता. एक कोडं समोर आलं होतं आणि त्याचं उत्तर त्यांना दिसलं होतं, इतकंच.

“मंग ठरवूच नका,” ते म्हणाले. “काही बोलू नका, काही लिहू नका. ज्याला जायचं त्यानं जावं, ज्याला न्हाई जायचं त्यानं जाऊ नये. ज्याची त्याची मर्जी. मर्जीवर कोणता गुन्हा लागतो?”

रामरावांनी मांडीवर थाप मारली. “बराबर! याला म्हणतेत शिक्षण.”

सगळे हसले. साहेबरावही हसले. चहा आला.

नंतर कचरूकडची तूर खळ्यावर पडून राहिली. मळणीचं मशीन त्याच्या रानाच्या दोन्ही बाजूंना येऊन गेलं. मशीनवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, “आज मर्जी न्हाई.” लगीनसराईत गावात पत्रिका वाटल्या गेल्या, कचरूच्या दारावरून वाटणारे सरळ पुढं गेले. त्याची बायको कांताबाई हळदीकुंकवाला निघाली, तर बाया उठून कामाला लागल्या. कोणी वाईट बोललं नाही. भांडायला जावं असं कचरूच्या हाताला काही लागलं नाही.

परतूरच्या घरीही एक गोष्ट झाली. कल्याणी मंगळवारी आणि शुक्रवारी कॉलेज सुटल्यावर साहेबरावांकडं जेवत असे, कारण त्या दिवशी तिची एस.टी. उशिरा होती. गंधालीच्या सोयरिकीसाठी पाहुणे येऊन गेले, त्यानंतर साहेबराव बायकोला म्हणाले, “काही दिवस कल्याणीला नको बोलवू. बोलणी पार पडू दे.”

प्रभावती भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. “मी काय सांगू तिला?”

“काही सांगू नको.”

प्रभावतीनं काही सांगितलं नाही. कल्याणीनंही विचारलं नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी ती स्टँडवर डबा खाऊ लागली. एकदा स्कूटरवरून जाताना साहेबरावांना ती दिसली. त्यांनी वेग वाढवला.

*

भिंगवाल्याच्या तासानंतरच्याच बाजाराच्या दिवशी शिपाई स्टाफरूममध्ये आला. “सर, एक आजी आल्यात. बाहेर बसल्यात.”

व्हरांड्याच्या पायरीवर दुर्गाबाई बसली होती. शेजारी पिशवी, पिशवीतून डोकावणारी खणाची कापडं.

“काकू? तू इकडं?”

“बाजाराला आल्ते. म्हणलं तुझं कॉलेज तरी बघावं. एवढी वर्सं झाली, आलेच न्हाई कधी.” तिनं इमारतीकडं वर-खाली पाहिलं. “मोठं हाय.”

“आत चल. चहा घे.”

“चहा नको. बस इथं.”

साहेबराव पायरीवर बसले. जाता-येता मुलं नमस्कार करत होती.

“सोमवारी महालक्ष्म्या जेवतेत,” दुर्गाबाई म्हणाली. “दरसाल आपल्या ओसरीवर भावकीच्या पंगती उठत्यात, तुला ठाव हाय. ह्या साली कोणाला सांगू? सांगितलं तर कोणी न्हाई म्हणत न्हाई. येतो म्हणतेत. अन् येत न्हाईत.”

साहेबराव पिशवीतल्या खणांकडं पाहत राहिले.

“तू ये. ओसरीवर पाट मांडते. तू बसला तर एखादा तरी येईल. अन् न्हाई आला तरी रस्त्यानं जाणारा बघील, साहेबराव जेवून राह्यला म्हणून. बास. मला दुसरं काही नको.”

“येतो, काकू.”

“दिवसाढवळ्या ये.”

“येतो म्हणलं ना.”

ती गुडघ्यावर हात टेकून उठली. साहेबरावांनी तिची पिशवी फाटकापर्यंत नेली. फाटकाशी तिनं पिशवी त्यांच्या हातातून घेतली आणि म्हणाली, “अर्पिताला बोलवलं न्हाई सणाला. म्हणलं ती आली तर बाकीचे बिलकुल यायचे न्हाईत. पोरीला काय वाटलं असंल, देव जाणे.”

*

सोमवारी साहेबराव इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून निघाले. प्रभावतीला त्यांनी सांगितलं, आष्टीला काम आहे. तिला खरं का सांगितलं नाही, याचा विचार त्यांनी वाटेत केला नाही.

गावाच्या अलीकडं रस्ता फुटतो. डांबरी रस्ता वेशीतून, रामरावांच्या घरावरून आत जातो. दुसरी वाट म्हणजे पांदी. ती रानातून कचरूच्या मळ्यात उतरते आणि घराच्या मागच्या दाराशी निघते. फाट्यावर साहेबरावांनी स्कूटर थांबवली. सरळ गेलो तर रामराव दिसतील, आधी त्यांच्याकडं थांबावं लागेल, चहा होईल, उशीर होईल, काकू वाट पाहत असेल. त्यांनी स्कूटर पांदीला घातली. पांदीत चिखल होता. चाक दोनदा रुतलं, उतरून ढकलावं लागलं. विहिरीजवळच्या बाभळीखाली त्यांनी स्कूटर लावली, गवतावर चपला घासल्या आणि मागच्या दारातून आत आले.

पुढच्या ओसरीवर, रस्त्याच्या बाजूला तोंड करून, एका ओळीत पाट मांडलेले होते. प्रत्येक पाटापुढं रांगोळी. कचरू धुतलेलं धोतर नेसून दाराच्या चौकटीला टेकून बसला होता आणि रस्त्याकडं पाहत होता. मागून पावलं वाजली तसा तो वळला.

“आला का! माय, साहेबराव आला!”

दुर्गाबाई चुलीपासून उठून आली. तिच्या चेहऱ्यावर आलेलं हसू त्यांच्या पायांकडं नजर जाताच थांबलं.

“गाडी कुठं लावली?”

“हिरीजवळ. पांदीनं आलो. जवळ पडतं.”

“जवळ पडतं,” दुर्गाबाई म्हणाली. मग थोडं थांबून तिनं विचारलं, “आतच वाढू का तुला?”

ओसरी चार पावलांवर होती. साहेबरावांना फक्त नाही म्हणायचं होतं.

“आतच बरं. बाहेर ऊन आहे.”

बाहेर ऊन नव्हतं. सकाळपासून आभाळ भरून आलेलं होतं. दुर्गाबाई ओसरीवर गेली, कडेचा एक पाट उचलला आणि आत महालक्ष्म्यांच्या समोर आणून मांडला. कचरू दारातून उठला, आपलाही पाट घेऊन आला आणि शेजारी बसला. बाहेर बाकीचे पाट तसेच राहिले.

महालक्ष्म्या नव्या साड्या नेसून उभ्या होत्या, एक हिरवी, एक केशरी. कांताबाईनं पुरणपोळी वाढली, कढी वाढली, सगळ्या भाज्या मिळून केलेली भाजी वाढली.

“साड्या पोरीनं पाठवल्या,” कचरू म्हणाला. “जावयानं दुकानात जाऊन स्वतः निवडल्या म्हणे. रंग बरा हाय ना?”

“चांगला आहे.”

“पोळी घे अजून.”

कचरू आग्रह करत होता, पिकाचं सांगत होता, गंधालीचं विचारत होता. “तिचं जमतंय म्हणे. लई झाक झालं. लग्नात काही काम असलं तर सांग मला. मागं राहून करीन.” मागं राहून हे त्यानं सहज म्हटलं. साहेबरावांनी पाण्याचा घोट घेतला आणि ताटातलं सगळं संपवलं.

हात धुवायला ते परसात आले. कल्याणी तांब्या घेऊन मागं आली आणि त्यांच्या हातावर पाणी घालू लागली.

“कल्याणी, त्या दिवशी तू वर्गात विचारलंस...”

“हो.”

“तुला कोणी काही सांगितलं होतं का?”

“सगळ्यांनाच माहीत हाय, काका. रामराव आजोबाच सांगत फिरत्यात, आमच्या साहेबरावनं तोड काढली म्हणून. कौतुकानं सांगत्यात.”

पाणी संपलं होतं. साहेबरावांनी हात तसेच पुढं धरले होते.

“आजीलाही?”

“आजीला सगळ्यांच्या आधी कळलं. तरी ती म्हणाली, जाऊन येते त्याच्याकडं. ज्यानं बांधलं त्यालाच सोडता येईल, म्हणाली.” कल्याणीनं दोरीवरचा टॉवेल काढून दिला. “बाबा म्हणाले नको जाऊ. ती ऐकली न्हाई.”

साहेबरावांनी हात पुसले. मग ते घरातून चालत पुढं गेले आणि ओसरीवर जाऊन बसले. पाटावर नाही, कडेला. रस्त्यावरून दोघं-तिघं गेले, त्यांनी वळून पाहिलं. बसलो, असं साहेबरावांना वाटलं. उशिरा का होईना, बसलो.

तेवढ्यात रामरावांची मोटारसायकल आली. नातू चालवत होता, रामराव मागं बसले होते. त्यांनी नातवाच्या खांद्यावर हात ठेवून गाडी थांबवायला लावली.

“काय साहेबराव, कधी आल्ता?”

“आत्ताच.”

“इकडं कसं काय?”

घरात भांड्यांचा आवाज थांबला होता. दाराच्या आत सगळे उभे होते, हे साहेबरावांना न पाहताही कळत होतं.

“कल्याणीच्या परीक्षेचं होतं थोडं,” ते म्हणाले. “फॉर्मचं काम.”

“हां. काम असलं की यावंच लागतं.” रामराव हसले. “जाताना चक्कर टाक. पाहुण्यांचा फोन आल्ता.”

मोटारसायकल गेली. साहेबरावांचं मागं वळायचं धाडस होत नव्हतं. शेवटी वळले तेव्हा दारात फक्त दुर्गाबाई होती. तिच्या हातात स्टीलचा डबा होता.

“प्रभावतीला दे,” ती म्हणाली. “कोणाकडचं म्हणून सांगायचं, ते तू बघ.”

“काकू, मी...”

“जा आता. आभाळ आलंय. पांदीत गाडी निघायची न्हाई नंतर.”

*

घरी आल्यावर त्यांनी डबा प्रभावतीपुढं ठेवला आणि सगळं सांगितलं. आखाड्यावर आपण काय बोललो होतो, तेही. ते तिला आजवर ठाऊक नव्हतं. ती ओट्याला टेकून ऐकत राहिली.

“मला का नाही नेलं?” तिनं विचारलं.

ते शर्टाच्या बाहीवरचा वाळलेला चिखल खरवडू लागले.

“दोघं गेलो असतो तर समोरूनच जावं लागलं असतं,” प्रभावती म्हणाली. तिनं डबा उघडला, पोळीचा तुकडा तोडला आणि उभ्यानंच खाल्ला. दुसरा तुकडा त्यांच्यापुढं केला नाही. “उद्या मंगळवार आहे. पोरीला घेऊन या जेवायला.”

मंगळवारी कल्याणी वर्गात नव्हती. बुधवारीही नव्हती. गुरुवारी साहेबरावांनी तास अर्धाच घेतला. भिंगवाल्याची पुढची गोष्ट सांगायची होती. तोडल्यावर तो शहर सोडून गेला, आणि पुन्हा घ्या म्हणून कोणाच्या दारात उभा राहिला नाही. हे दरवर्षी ते रंगवून सांगत. या वेळी दोन वाक्यांत संपवलं आणि बाहेर येऊन कचरूला फोन लावला. फोन कल्याणीनं उचलला.

“आम्ही जालन्याला आलोय काका, ताईकडं.”

“सगळे?”

“सगळे. महालक्ष्म्या उठवल्या अन् दुसऱ्या दिवशी आजीच म्हणाली, चला. इथं कोणाची वाट बघायची, म्हणाली.” मागं कोणीतरी हसत होतं, कुकरची शिट्टी वाजत होती. दुर्गाबाईचा आवाज ऐकू आला, कोणाला तरी म्हणत होती, जावयबापू, तुमी बसा, मी करते. “आजी पहिल्यांदाच आली ताईच्या घरी. कालपासून स्वयंपाकघर सोडत न्हाई.”

“आजीला देतेस का?”

फोनवर हात ठेवल्यासारखा आवाज झाला. थोडं बोलणं झालं. मग कल्याणी म्हणाली, “आजी म्हणते नंतर बोलू.”

“परत कधी येणार?”

“ठरलं न्हाई अजून.”

*

रविवारी साहेबराव स्कूटर काढू लागले तेव्हा प्रभावतीनं विचारलं, “कुठं?”

“गावाकडं.”

“ते तर नाहीत ना घरी.”

“नाहीत.”

तिनं फाटक उघडून दिलं.

या वेळी ते डांबरी रस्त्यानं गेले. रामराव दारातच खाटेवर बसून पेपर वाचत होते.

“आला का! ये. तुझीच आठवण काढून राह्यलो होतो. परवा आलाच न्हाई तू.”

“कचरूकडं चाललोय.”

“काही काम होतं का?”

“नाही,” साहेबराव म्हणाले. “काम काही नाही. परवाही काम नव्हतं. जेवायला आलो होतो.”

रामरावांनी चष्मा काढला. मग “बरं,” म्हणाले आणि पेपर पुन्हा उघडला. चहाचं काढलं नाही.

कचरूच्या घराला कुलूप होतं. साहेबरावांनी स्कूटर अगदी दारासमोर, रस्त्याच्या कडेला लावली आणि ओसरीवर जाऊन बसले. पाट आत गेले होते, त्यांच्यापुढच्या रांगोळ्या पुसट झाल्या होत्या. त्या दिवशी न पडलेलं ऊन आज पडलं होतं आणि सरकत सरकत त्यांच्या गुडघ्यांवर आलं.

शेळ्या घेऊन एक म्हातारी चालली होती. ती थांबली. “कोणाकडं आल्ता, सर?”

“कचरूकडं.”

“ते न्हाईत की. जालन्याला गेले लेकीकडं.”

“माहीत आहे.”

“मंग?”

“बसलोय जरा.”

म्हातारीनं त्यांच्याकडं, मग कुलुपाकडं पाहिलं आणि शेळ्या पुढं हाकल्या. समोरच्या घरात एक बाई अंगणात भांडी घासत होती. साहेबरावांना तहान लागली होती. त्यांनी तिच्याकडं पाहिलं. त्यांची नजर आपल्याकडं आहे हे कळताच ती उठली, भांडी तशीच टाकून आत गेली आणि दार लोटून घेतलं.

ओसरीच्या कोपऱ्यात, तिवईवर माठ होता. त्यावर झाकणी, झाकणीवर पालथा पेला. साहेबराव उठले. माठ तळाशी गेला होता, तिरपा करावा लागला. पाणी गेल्या आठवड्याचं असावं, पण थंड होतं. ओसरीच्या मध्यावर येऊन, रस्त्याकडं तोंड करून ते पाणी उभ्यानं प्यायले. मग पेला विसळायला माठात पाणी उरलं नव्हतं, म्हणून तो रुमालानं पुसला, जागच्या जागी पालथा ठेवला आणि पुन्हा येऊन बसले.